साडेतीन एकरांचा इतिहास : एका गायरानधारकाचे आयुष्य

आपल्या चळवळीचा इतिहास आपण बहुतेक वेळा परिषदा, मोर्चे, पक्ष आणि पक्षफुटी यांतून सांगतो. भूमिहीनांचा सत्याग्रह म्हटले की कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव येते, ६ डिसेंबर १९६४ ही तारीख येते, तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले हा आकडा येतो आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो. पण हे लाखो लोक तुरुंगातून सुटल्यावर कुठे गेले? कुणाच्या शेतात गेले? ज्या जमिनीसाठी ते आत गेले ती त्यांना मिळाली का, आणि मिळाली असेल तर तिच्यावर आज कुणाचे नाव आहे? हे प्रश्न आपल्या जयंती-पुण्यतिथीच्या व्यासपीठावर फारसे विचारले जात नाहीत. म्हणून त्या लाखोंपैकी एका माणसाचे आयुष्य आम्ही येथे मांडत आहोत.

गावात त्यांना सगळे आबा म्हणत. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात त्यांचे गाव आहे. त्यांचे आणि गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्या जमिनीची फाईल अजून तहसील कचेरीत आहे आणि त्यांच्या घरच्यांना त्याच गावात राहायचे आहे. दीड वर्षापूर्वी आबा वारले. शेवटच्या काही वर्षांत गायरानधारकांचे कागद गोळा करण्याच्या कामात आम्ही त्यांच्याकडे अनेकदा बसलो. त्यांना सन सांगता येत नसे, पण कोणत्या दुष्काळानंतर, कोणत्या दंगलीच्या आधी, हे ते बिनचूक सांगत. खालची सालवारी आम्ही त्यावरून आणि त्यांच्या ट्रंकेतल्या कागदांवरून लावली आहे.

आबांचा जन्म १९५० च्या आसपासचा. निजामाचे राज्य जाऊन दोन वर्षे झाली होती, पण गावात राज्य तेच होते. वडील येसकर. वेशीवर राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले जनावर ओढून न्यायचे आणि त्या बदल्यात दारोदार भाकरी गोळा करायची. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि तिची हवा दीड-दोन वर्षांत या डोंगरातल्या वस्तीपर्यंत पोचली. वस्तीने ठरवले की यापुढे मेलेले ढोर ओढायचे नाही. गावाचे उत्तर ठरलेले होते. बलुते बंद, मजुरी बंद, दुकानातून मीठमिरची बंद.

आज धर्मांतराच्या कथा सांगताना आपण त्या निर्णयाचा गौरव करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण त्या निर्णयाची किंमत कुणी कशी मोजली हे सांगताना आपला आवाज बारीक होतो. आबांच्या वडिलांनी गाव सोडले आणि रस्त्याच्या कामावर बराशी खोदायला गेले. तिथेच तापाने गेले. आई तीन लेकरे घेऊन भावाच्या गावी आली. आबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. दोन वर्षे शाळेत गेले होते, ती शाळा सुटली ती कायमची. मामाकडेही गुंठाभर जमीन नव्हती. मग आईने पोराला एका बागायतदाराकडे साल धरायला ठेवले. वर्षाला ठरलेली ज्वारी, एक घोंगडी आणि पायतण, एवढ्यावर.

काम होते गुरे राखण्याचे आणि गुरे चरायची ती गावच्या गायरानात. म्हणजे ज्या माळावर पुढे आबांनी आयुष्य काढले, तो त्यांना आठव्या-नवव्या वर्षापासून पायाखालचा होता. तरवड कुठे दाट आहे, मुरूम कुठे वर आला आहे, पावसाचे पाणी कोणत्या ओघळीत थांबते, कुठे हातभर माती आहे, हे सगळे त्या पोराला ठाऊक झाले. आणखी एक गोष्ट ठाऊक झाली. गायरान गावाचे म्हणतात, पण तिथे चरणारी गुरे कुणाची? ज्याच्या दावणीला गुरे त्याचे गायरान. बौद्धवाड्यात, मांगवाड्यात एखादी शेळी असली तर असली. आज ‘गायरान वाचवा’ म्हणून जे अचानक पर्यावरणप्रेमी झाले आहेत, त्यांनी या प्रश्नापासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते.

येथे थोडे कायद्याबद्दल बोलले पाहिजे, कारण समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ‘कसेल त्याची जमीन’ हे भारतीय जमीन सुधारणेचे यश म्हणून शिकवले गेले. हैदराबाद संस्थानात १९५० साली कूळ कायदा झाला. त्यात संरक्षण मिळाले ते कुळाला. सालगडी कूळ नसतो. तो नांगरतो, पेरतो, राखतो, कापतो, पण खंड देत नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत तो कसत नाही. मराठवाड्यातले बहुसंख्य दलित सालगडी होते नाहीतर रोजंदार. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. त्यातही बागायतदारांच्या जमिनी मुलाबाळांच्या, भावकीच्या, कधी कुत्र्यामांजरांच्या नावावर झाल्या अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. राहिली ती सरकारी पडीक आणि गायरान. आपली माणसे माळावर गेली, याला दुसरे कारण नाही. बाकीच्या सगळ्या जमिनींची दारे आधीच बंद झाली होती.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. महार वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ सालचे, खोती नष्ट करण्याचे १९३७ सालचे. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात त्यांनी शिकलेल्यांवर नाराजी व्यक्त केली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात खेड्यातल्या भूमिहीनांसाठी लढण्याचा निर्धारही आहे, तो भाग मात्र आपण कमी सांगतो, कारण पहिला भाग दुसऱ्यांना सुनावता येतो आणि दुसरा स्वतः करावा लागतो. मराठवाड्यात १९५३ सालीच पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाला होता. त्यात दादासाहेब गायकवाडांबरोबर बी. एस. वाघमारे होते. १९५९ साली खानदेश आणि नाशिक पेटले. मग १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशपातळीवर मागण्यांची सनद पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे दिली आणि महापरिनिर्वाणदिनी सत्याग्रह सुरू झाला.

आबा तेव्हा चौदा वर्षांचे. आई सत्याग्रहात गेली ती धाकट्या मुलीला कडेवर घेऊन, आणि आबा साल अर्धे टाकून आईच्या मागे गेले. साल अर्धे टाकणे म्हणजे घेतलेल्या ज्वारीचे कर्ज डोक्यावर घेणे. जेलाबद्दल ते बोलायला लागले की त्यांचा चेहरा खुलत असे, हे आम्हाला पहिल्यांदा विचित्र वाटले. पण दोन वेळचे जेवण न मागता मिळाले ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे, हे त्यांनी सांगितले तेव्हा उलगडा झाला. कुण्या तरुण कार्यकर्त्याने तिथे त्यांना बाराखडी पुन्हा गिरवायला लावली. काही आठवड्यांनी सुटका झाली. आईच्या नावाचा सुटकेचा कागद त्यांनी शेवटपर्यंत जपला. सत्याग्रह फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला, सरकारने आश्वासने दिली, पक्षाची शकले होत गेली आणि आबा पुन्हा त्याच बागायतदाराच्या वाड्यावर गेले. कर्ज फेडायचे होते.

जमीन मिळाली ती आश्वासनातून नाही. १९७२ चा दुष्काळ आला. आबांचे लग्न झालेले, पदरी एक मूल. नवराबायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. सुकडी आणि अमेरिकेहून आलेला मिलो खाऊन ते वर्ष काढले. त्या कामावर वस्तीतली सात कुटुंबे एकत्र होती आणि रात्री बोलणे एकच होते. सरकारच्या तलावासाठी इतके दगड फोडतो, तर गायरानातले दगड स्वतःसाठी का नाही फोडायचे? पुढच्या पावसाच्या तोंडावर सात कुटुंबे माळावर गेली.

आबांनी निवडलेला तुकडा लोकांना पसंत नव्हता, कारण तो उताराला होता. पण लहानपणी पाणी थांबताना त्यांनी तिथेच पाहिले होते. साडेतीन एकर. औत कुणी देईना, म्हणून दोघे पुढे जुंपून घेत आणि एक मागे रुमणे धरी. दगड वेचायचे आणि उताराला आडवा बांध घालायचा. तो दगडी बांध आम्ही पाहिला आहे. चालत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो. त्यातला प्रत्येक दगड आबांच्या नाहीतर त्यांच्या बायकोच्या हातून गेलेला आहे. पहिल्या वर्षी हुलगे टाकले, दोन पायल्या झाले. मग बाजरी, मटकी. बांधाला माती अडायला लागल्यावर पाच-सहा वर्षांनी ज्वारी उभी राहिली. बैल घेतला तोही एकच, दुसऱ्या कुटुंबाच्या एका बैलाशी सावड करून. पुढे तूर आली, खूप पुढे कापूस.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. माळ फोडल्याच्या दुसऱ्या वर्षी तलाठी आला आणि अतिक्रमण म्हणून दंड केला. दंडाची पावती दिली. सात कुटुंबांपैकी काहींनी ती रागाने फाडली, काहींनी भीतीने लपवली. आबांनी ट्रंकेत ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा दंड, पुन्हा पावती. त्यांचे म्हणणे साधे होते, “सरकारनं दंड केला म्हंजी सरकारनं मला तिथं बघितलं.”

महसूल खात्यात गाव नमुना १-ई नावाची एक नोंदवही असते, अतिक्रमणांची. कायद्याच्या दृष्टीने ती गुन्ह्याची यादी. पण ज्याच्याकडे सातबारा नाही, खरेदीखत नाही, वारसाहक्काने मिळालेली वाडवडिलांची सनद नाही, त्याच्यासाठी कोण कधीपासून जमीन कसतो आहे याचा सरकारी दस्तऐवज तोच एक. पुढे सरकारने गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले तेव्हा पुरावा म्हणून हेच कागद विचारले गेले. १-ई ची नोंद, दंडाची पावती, पीक पाहणी. म्हणजे आपल्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा कागदच त्याच्या हक्काचा कागद झाला. ज्यांच्या नोंदी तलाठ्याने केल्याच नाहीत, ज्यांना नुसतेच हुसकावले, त्यांचा गुन्हाही नाही आणि हक्कही नाही. अतिक्रमण नोंदवण्यातही जात आणि गावचे राजकारण चालते, हे या कामात पडल्याशिवाय कळत नाही. आबांची नोंद पहिल्या काही वर्षांत आहे, मग मधेच सहा वर्षे गायब आहे. ती सहा वर्षे ते माळावरच होते, ज्वारी काढत होते.

१९७८ च्या डिसेंबरात सरकारने १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. आबा त्यात बसत होते. पण त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला होता आणि मराठवाडा पेटवला गेला होता. नामांतराच्या त्या दंगलींकडे आपण विद्यापीठाच्या नावाचा वाद म्हणून पाहतो. गावात ज्यांची घरे जळाली त्यांपैकी किती जणांना विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे माहीत होते? आबांच्या कडब्याची गंजी जाळली आणि उभ्या बाजरीत गुरे घातली. नाव विद्यापीठाचे होते, राग माळावरच्या पिकाचा होता. कालचा सालगडी साल धरायला येत नाही, हे दुखणे होते. सातांपैकी तीन कुटुंबे त्या पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडे गेली ती परत आली नाहीत. त्यांचे तुकडे पुन्हा माळ झाले, आणि त्यातला एक आज एका पुढाऱ्याच्या खडी क्रशरखाली आहे. तिथे अतिक्रमणाची नोटीस गेल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. अशा परिस्थितीत नियमित करण्याचा अर्ज घेऊन तहसिलात कोण जाणार होते?

पुढची संधी आली ती बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. याच काळात बीड जिल्ह्यात अ‍ॅड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून गायरानाचा प्रश्न हातात घेतला. मांग आणि महार वस्त्या एका मोर्चात आल्या, ही या लढ्याची मोठी कमाई आहे आणि तिचे श्रेय जिजांना दिलेच पाहिजे. आबाही त्या मोर्चांत गेले. पंचनामा झाला, मोजणी झाली. उरलेल्या चार कुटुंबांपैकी दोघांना पट्टा मिळाला. आबांच्या फाईलवर शेरा पडला की पुरावा सलग नाही. तीच सहा वर्षे.

तरीही या साडेतीन एकरांनी काय केले हे पाहिले पाहिजे. बीड म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन गावे रिकामी होतात, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, पोरांची शाळा सुटते. आबा आणि त्यांची बायको काही वर्षे गेले. ज्वारी घरात यायला लागल्यावर त्यांनी जाणे थांबवले. तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्याची शाळा ऊसतोडीत गेली, तो आज शेती पाहतो. धाकटे दोघे दहावी-बारावीपर्यंत शिकून कंपनीत कंत्राटावर लागले. मुलगी नर्सिंग शिकली. आबांच्या हिशेबात हीच खरी वर्गवारी होती, कोण कोयत्यावर वाढले आणि कोण घरी.

आमचे काही मित्र येथे बाबासाहेबांचाच दाखला देऊन अडवतात. बाबासाहेबांनी खेडे सोडा सांगितले, मग या मुरमाड तुकड्यांसाठी कशाला आयुष्य घालवायचे? या मित्रांनी बाबासाहेबांचा १९१८ सालचा ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध वाचावा. तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, तेव्हा ते एकत्र करून मोठे करा, असे त्या वेळचे जाणकार सांगत होते. तरुण भीमरावांनी तो युक्तिवादच उलटा केला. जमिनीचा तुकडा नुसत्या आकाराने किफायतशीर किंवा तोट्याचा ठरत नाही, त्याच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्या प्रमाणावर ठरतो. भारतात अवजारे आणि भांडवल कमी, आणि शेतीवर माणसांचा भार जास्त. म्हणून त्यांनी उद्योगीकरण हा उपाय सांगितला.

आबांचे शेत या निबंधाला लावून पाहा. श्रमांची कमतरता नव्हती, ते तर बांधाच्या प्रत्येक दगडात आहेत. भांडवल मात्र येऊच शकत नव्हते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून सावकार. विहिरीची योजना नाही, पीकविमा नाही, शेतकरी सन्मान निधीचे सहा हजार नाहीत. शेजारच्या साडेतीन एकरांत, तशाच मातीत, विहीर आहे आणि दोन पिके निघतात. दोन्हींत फरक आकाराचा नाही, सातबाऱ्यावरच्या नावाचा आहे. शहरात जा हा सल्ला बरोबरच आहे, आबांचे दोन मुलगे गेलेच. पण शहरात जाण्याआधी शिकावे लागते, आणि शिकायला घरी राहावे लागते. ते घर या तुकड्याने दिले. श्रीमंती दिली नाही. वाड्यावर जाऊन ‘नाही’ म्हणण्याची सोय दिली.

एका बाबतीत मात्र आम्ही आबांशी भांडलो. १-ई ला नाव त्यांचे एकट्याचे. दंडाच्या पावत्या त्यांच्या नावाच्या. अर्जही त्यांच्याच नावाचा. ज्या बाईने त्यांच्याइतकेच दगड वाहिले आणि दंगलीच्या रात्री लेकरे घेऊन ओढ्यात लपून राहिली, तिचे नाव एकाही कागदावर नाही. आईच्या जेलच्या कागदावर अभिमान असणाऱ्या माणसाला हे सुचले नाही, आणि आम्ही सांगितल्यावरही ते हसून विषय बदलत. गायरानाच्या चळवळीत हे सगळीकडे आहे. पट्टे पुरुषांच्या नावे मागितले गेले, मोर्चात पुढे बायका होत्या. १९६४ च्या जेलभरोतही हेच झाले.

आता धोका नव्या बाजूने आला आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. त्या आदेशाने महाराष्ट्रातही गायरानांची मोजदाद सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत अतिक्रमणे काढा म्हटले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. आबांच्या दारावर एक चिकटवली गेली. ती खळीने चिकटवलेली नोटीसही त्यांनी ओली करून, सोलून काढली आणि ट्रंकेत ठेवली.

कार्यकर्त्यांनी येथे नीट वाचायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात अपवाद लिहिलेला आहे. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल तेथे नियमित करण्याची मुभा राहू शकते. नोटीस काढणारे अधिकारी निकालाचा आदेश दाखवतात, अपवाद दाखवत नाहीत. अपवादाच्या बाजूला येण्यासाठी १९७८ किंवा १९९१ च्या निर्णयात बसतो हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी कागद लागतात. पुन्हा तीच ट्रंक. शिवाय २०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर आली. अ‍ॅपमध्ये आधी खातेदार निवडावा लागतो. गायरानधारक खातेदार नाही, म्हणजे त्याचे पीक उभे असूनही नोंदीत नाही. पूर्वी एखादा तलाठी भला निघाला तर नोंद होत असे, आता तेवढीही जागा राहिलेली नाही. पुढच्या वीस वर्षांनी आजच्या कसण्याचा पुरावा मागितला गेला तर काय दाखवणार, याचा विचार कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात आम्हाला सापडला नाही.

आबा गेल्यावर वारस लावण्याचा प्रश्न आला. जी जमीन नावावर नाही तिला वारस कसा लागणार? मुलांनी मिळून अर्ज केला आहे आणि तो, आमच्या भांडणाचा थोडा उपयोग झाला म्हणा, आईच्या नावाने केला आहे. जोडपत्रे अशी : दंडाच्या चार पावत्या, १-ई चे उतारे, मोजणीचा नकाशा, १९६५ चा आजीच्या सुटकेचा कागद आणि सोललेली नोटीस. मधल्या सहा वर्षांसाठी बांधालगतच्या दोन शेतकऱ्यांचे जबाब हवे आहेत. एकाने, ज्याच्या वडिलांनी १९७८ मध्ये बाजरीत गुरे घातली होती, जबाब दिला आहे. दुसऱ्याचे अजून उत्तर नाही. यंदा बांधावर तूर आहे आणि मधल्या पट्ट्यात कापूस.